साझा सांभाळून राज्यसेवा

तलाठ्याच्या नेमणुकीची ऑर्डर हातात पडते तेव्हा राज्यसेवेची, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच हिशेब असतो. सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा नोकरी, पुढे अभ्यास, आणि शनिवार-रविवार पूर्ण मोकळे. कागदावर हा हिशेब बरोबर आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाची कार्यालयं पाच दिवसांच्या आठवड्याने चालतात आणि वेळही हीच आहे. साझ्यावर, म्हणजे तलाठ्याकडे सोपवलेल्या गावांत, मात्र हा हिशेब पहिल्याच महिन्यात मोडतो. काम खूप आहे हे त्याचं अर्धंच कारण. ते कधी अंगावर येईल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही, हे खरं कारण. रात्री नऊला ग्रुपवर निरोप येतो की उद्या सकाळी अकराला तहसीलला बैठक, सोबत माहिती तक्त्यात भरून आणावी. पहाटेच्या अभ्यासाचे दोन तास त्या तक्त्यात जातात.

म्हणून तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, अभ्यासाची आखणी रोजच्या वेळापत्रकावर करू नये, वर्षावर करावी. कुठल्या महिन्यात साझा किती ओढणार हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. दिवसाचा भरवसा नाही, पण हंगामाचा आहे.

महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं. जून-जुलै हे प्रवेशांचे महिने. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लागणारे अहवाल, रहिवासाची कागदं, वारस नोंदीची घाई यांनी कार्यालय भरलेलं असतं. ऑगस्ट-सप्टेंबरात खरिपाची ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची ॲपवरची नोंद. नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून करायची असते हे खरं, पण मुदत संपत आली की ज्यांचा मोबाईल चालत नाही, ज्यांचा गट क्रमांक ॲपवर दिसत नाही, ज्यांचा फोटो चढत नाही ते सगळे तलाठ्याकडेच येतात, आणि त्यांनी जायचं तरी कुठे? त्याच काळात अतिवृष्टी झाली तर पंचनामे. जानेवारी ते मार्च जमीन महसुलाच्या वसुलीचं उद्दिष्ट. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कधीही गारपीट. निवडणूक लागली तर हे सगळं आहेच, शिवाय प्रशिक्षणं आणि केंद्रांची तयारी. या सगळ्यातून जरा शांत उरतात ते नोव्हेंबर-डिसेंबर आणि एप्रिलचा उत्तरार्ध ते मे. ज्या विषयाला सलग डोकं लावावं लागतं, म्हणजे वैकल्पिक विषय, अर्थशास्त्राच्या संकल्पना, नीतिशास्त्राची मांडणी, तो याच महिन्यांत उभा करायचा. पावसाळ्यात नवा विषय हातात घेऊ नये. तेव्हा उजळणी, वस्तुनिष्ठ प्रश्न, नकाशे, कायद्यांची कलमं अशी वीस मिनिटांत उरकणारी आणि कुठेही सोडता येणारी कामं ठेवावीत.

पंचनाम्यांबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त आखण्या तिथेच कोसळतात. ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झालेल्या क्षेत्राची मदत ठरते ती तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्या संयुक्त पंचनाम्यावर. आधी गटनिहाय पाहणी, मग याद्या, खातेदारांचे बँक तपशील, याद्या संगणकावर चढवणं, त्यांतल्या चुका परत येणं, ई-केवायसीसाठी माणसं शोधणं. दोन-तीन आठवडे यात सहज जातात आणि ते जायलाच हवेत. ज्याचं सोयाबीन शेतात कुजलं आहे त्याच्यासाठी ती यादी पुढच्या पेरणीचं बियाणं असते. या दिवसांत अभ्यासाचं उद्दिष्ट शून्य धरावं. झोपण्याआधी आधीच लिहिलेल्या नोंदींची दोन पानं वाचली तर वाचली. उद्दिष्ट पूर्ण ठेवून रोज ते चुकवत राहिलं की मन चुकवण्याला सरावतं आणि पंचनामे संपल्यावरही अभ्यास सुरू होत नाही. शून्य ठरवूनच धरलं असलं की परत सुरुवात करणं सोपं जातं.

परीक्षेचं वेळापत्रकसुद्धा याच हवामानात असतं. राज्यसेवेची २५ ऑगस्ट २०२४ ला ठरलेली पूर्वपरीक्षा पुढे जाऊन १ डिसेंबरला झाली. २८ सप्टेंबर २०२५ ची पूर्वपरीक्षा अतिवृष्टीमुळे ९ नोव्हेंबरवर गेली, आणि त्याच पावसाने मराठवाड्यातले तलाठी चिखलात पंचनामे करत होते. पूर्ण वेळ अभ्यास करणाऱ्याला असे सहा आठवडे मिळाले की ते त्याच्या पदरात पडतात. नोकरी करणाऱ्याला ते मिळतीलच असं नाही. आयोगाच्या अंदाजित वेळापत्रकातली तारीख धरून शेवटच्या महिन्यावर सगळा भार टाकणं म्हणून धोक्याचं आहे. तारखेच्या दोन महिने आधी पूर्वपरीक्षेचा अभ्यासक्रम एकदा पुरा झालेला असावा. तारीख पुढे गेली तर तो वेळ उत्तरलेखनाला द्यावा, पुन्हा नवीन पुस्तकाला नाही.

आता परीक्षा कोणती, हा प्रश्न. नोकरी लागल्यावर अनेक जण राज्यसेवा, गट-ब संयुक्त, यूपीएससी आणि आणखी एखादी सरळसेवा असे चार अर्ज भरून ठेवतात. अर्ज भरायला हरकत नाही, पण तयारी एकाच परीक्षेची होते. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून हे अधिकच खरं आहे. मराठी आणि इंग्रजी हे प्रत्येकी ३०० गुणांचे पात्रता पेपर, त्यांत २५ टक्के, म्हणजे ७५ गुण मिळवायचे. गुणवत्तेत धरले जाणारे सात पेपर: निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन, प्रत्येकी २५०, एकूण १७५०. मुलाखत २७५. याच्या उलट गट-ब संयुक्तची पूर्वपरीक्षा एका तासात १०० प्रश्नांची, आणि मुख्य परीक्षेचे दोन्ही पेपरही वस्तुनिष्ठ, एकेक तासाचे. एकीकडे तासाभरात शंभर प्रश्नांचा वेग, दुसरीकडे तीन तास बसून लिहिण्याचा दम. हे दोन वेगवेगळे सराव आहेत. आठवड्याला बारा-चौदा तास मिळणाऱ्याने दोन्ही एकदम करू नयेत. वर्णनात्मक पद्धत आणि यूपीएससी यांचा सांधा मात्र चांगला जुळतो. फक्त यूपीएससीच्या संधी मोजक्या आहेत: खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत सहा, आणि पूर्वपरीक्षेच्या एका पेपरला बसलं तरी एक संधी खर्ची पडते. "अनुभव म्हणून देऊन बघू" हे नोकरीच्या पहिल्या वर्षात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बारा तासांचा आकडा कुठून आला ते सांगतो. सकाळी साडेपाच ते सात हा दीड तास आठवड्याचे पाचही दिवस मिळतो असं धरलं तर साडेसात तास. शनिवारी शिबिर, मोजणी किंवा बैठक निघते, म्हणून शनिवार धरायचाच नाही. रविवारी साडेचार. झाले बारा. संध्याकाळचा वेळ यात मुद्दाम घेतलेला नाही. दिवसा सर्व्हर मंदावला की ऑनलाइन फेरफाराचं, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींचं, काम रात्रीवर येतं, आणि दोन गावं मोटारसायकलवर फिरून आलेला माणूस रात्री पुस्तक उघडून बसतो, वाचत नाही. संध्याकाळी जे होईल ते वरकड. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर बारा तासांचे सहाशे तास होतात. त्यांची विभागणी अशी जमते: वैकल्पिक विषयाला १८०, सामान्य अध्ययनाच्या चारही पेपरांना मिळून २४०, उत्तरलेखन व निबंधाला ९०, सीसॅट (पूर्वपरीक्षेचा उतारे-गणित-बुद्धिमत्तेचा दुसरा पेपर) आणि भाषा पेपरांना ४०, उजळणीला ५०. पूर्ण वेळ बसणारा विद्यार्थी हे सहाशे तास तीन महिन्यांत करतो. त्यामुळे त्याची पुस्तकांची यादी आपली यादी होऊ शकत नाही. राज्य मंडळाची पाठ्यपुस्तकं, प्रत्येक विषयाला एकच संदर्भग्रंथ, राज्याची आर्थिक पाहणी आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका. अर्थसंकल्पाच्या तोंडावर मार्चमध्ये आर्थिक पाहणी येते तेव्हा तलाठी वसुलीत बुडालेला असतो. तिचं वाचन मेमध्ये लावावं, पण लावावंच.

अभ्यासक्रमाचे तुकडे धड्यांप्रमाणे पाडू नयेत, प्रश्नांप्रमाणे पाडावेत. "स्थानिक स्वराज्य संस्था" हा तुकडा पहाटेच्या दीड तासात मावत नाही, अर्धवट राहतो, आणि पुढचे चार दिवस बैठकांत गेले की पहिल्यापासून वाचावा लागतो. "राज्य वित्त आयोगाच्या शिफारशी कागदावरच का राहतात" हा तुकडा मावतो. पन्नास मिनिटं वाचन, पंचवीस मिनिटं स्वतःच्या शब्दांत एका पानाची नोंद, पंधरा मिनिटं कालच्या नोंदीची उजळणी. पान सुटं असावं, वहीत नको. सुटी पानं पेपरनिहाय फाइलला लावता येतात आणि बैठकीला जाताना त्यांतली चार पिशवीत टाकता येतात. तहसीलच्या बैठकीत आपल्या महसूल मंडळाची, म्हणजे काही साझे मिळून झालेल्या भागाची, पाळी येईपर्यंत बराच वेळ बसावं लागतं, तेव्हा हीच पानं कामी येतात. मोबाईलवर वाचायचं ठरवलं तर त्याच मोबाईलवर मंडळाचा, तहसीलचा, गावचा असे सगळे ग्रुप आहेत, आणि दोन मिनिटांत कोणीतरी सातबाऱ्याचा फोटो पाठवतं.

उत्तरलेखन ही नोकरी करणाऱ्यांची सगळ्यात मोठी कमतरता आहे. वाचन कसंबसं होतं. लिहिणं उद्यावर जातं, आणि मुख्य परीक्षेच्या महिनाभर आधी लक्षात येतं की हात चालत नाही. यूपीएससीच्या धर्तीवर तीन तासांत वीस प्रश्न धरले तर एका प्रश्नाला सरासरी नऊ मिनिटं येतात. दहा गुणांचं दीडशे शब्दांचं उत्तर सात मिनिटांत आणि पंधरा गुणांचं अडीचशे शब्दांचं अकरा मिनिटांत बसवावं लागतं. मराठीत सरळ लिहीत गेलं तर मिनिटाला पंचवीस शब्दांच्या आसपास होतात, म्हणजे अडीचशे शब्दांना दहा मिनिटं नुसती लिहायला लागतात आणि विचार करायला एकच मिनिट उरतं. हा विचार आधी झालेला असेल तरच उत्तर पुरं होतं. तो आधी व्हावा म्हणून आठवड्यातून चार दिवस, दिवसाला एक उत्तर, घड्याळ लावून, कोऱ्या कागदावर, पेनाने. रविवारी सलग सात उत्तरं एका तासात. मुख्य परीक्षेच्या आधीच्या तीन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी एक पूर्ण तीन तासांचा पेपर. पेपरचे पहिले दीड तास कसेही निघतात. तेराव्या-चौदाव्या प्रश्नापाशी बोटं आखडतात, अक्षर पसरतं आणि शेवटची तीन-चार उत्तरं मुद्द्यांवर येतात. तिथे गुण जातात. हा दम वाचून येत नाही.

दप्तरात काम करणाऱ्याच्या लिखाणात दोन गोष्टी हमखास उतरतात. एक चांगली: पंचनामा लिहून लिहून नेमकेपणा येतो, चतुःसीमा, क्षेत्र, तारीख, कारण असं सगळं जागच्या जागी मांडायची सवय लागते. दुसरी नुकसानीची: उत्तर टिपणीसारखं होतं. "सदर बाबतीत", "उपरोक्त नमूद केल्याप्रमाणे", "योग्य ती कार्यवाही करण्यात यावी" असली वाक्यं शब्द खातात आणि काहीच सांगत नाहीत. टिपणीत काय घडलं ते लिहायचं असतं, निर्णय वरिष्ठ घेतात. उत्तरात निर्णय आपल्यालाच घ्यायचा असतो. "चिकित्सक मूल्यमापन करा" म्हटलं की आठ तरतुदी लिहून थांबणारं उत्तर सरासरी गुणांवरच राहतं. प्रत्येक उत्तर लिहून झाल्यावर एक वाक्य अधोरेखित करून बघावं: माझं म्हणणं कुठे आहे? सापडलं नाही तर ते उत्तर पुन्हा लिहावं. तपासायला मार्गदर्शक मिळाला तर उत्तमच. नाहीतर राज्यसेवा करणारा दुसऱ्या तालुक्यातला एखादा सहकारी गाठावा आणि आठवड्याला पाच उत्तरं एकमेकांना फोटो काढून पाठवावीत.

साझ्याचं काम अभ्यासक्रमाला किती लागून आहे हे नव्या माणसाला उशिरा कळतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ तर रोजची. पण कूळकायदा १९४८, तुकडेबंदी कायदा १९४७, कमाल जमीन धारणा कायदा १९६१ यांचे शेरे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत रोज डोळ्यांपुढे असतात. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाचा, म्हणजे कुळं कसत्या जमिनीची मालक मानली गेली त्या दिवसाचा, संदर्भ जुन्या फेरफारांत सापडतो. भूसुधारणांवरचा प्रश्न आला की पुस्तकातला विद्यार्थी उद्दिष्टं आणि मर्यादा लिहितो; तलाठी हे लिहू शकतो की कुळाचं नाव लागलं पण विक्री प्रमाणपत्र घेतलं गेलं नाही म्हणून पुढच्या पिढीत वाद कसा उभा राहिला. वारसांत स्त्रियांची नावं लागणं आणि लगेच हक्कसोड होणं हे समाजशास्त्र आहे आणि सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरला उदाहरण म्हणून चालतं. लोकसेवा हक्क कायदा २०१५, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, वनहक्क कायदा २००६, अनुसूचित क्षेत्र असेल तर तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६, हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या पेपरचं आहे. नीतिशास्त्राच्या पेपरला तर कल्पनेतली उदाहरणं शोधायलाच नकोत: मदतीच्या यादीत नुकसान नसलेलं नाव घालण्याचा गावातल्या वजनदार माणसाचा आग्रह, एकाच कुटुंबातल्या दोन भावांचा बांध, वाळूच्या गाडीपुढे रात्री एकट्याने उभं राहणं. उत्तरात गावाचं, माणसाचं नाव मात्र कधी येऊ देऊ नये. प्रसंगाचा साचा घ्यावा. यासाठी खिशात छोटी डायरी ठेवून आठवड्याला दोन नोंदी कराव्यात: प्रसंग काय, कायदा कुठला, अडलं कुठे. वर्षाअखेर शंभरेक उदाहरणं जमतात आणि ती दुसऱ्या कुणाच्याही वहीत नसतात.

मात्र यावरून वैकल्पिक विषय निवडू नये. लोकप्रशासन नोकरीशी जुळतं म्हणून घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले अनेक पहिल्या पेपरच्या सिद्धांतांपाशी अडतात, कारण प्रशासन करणं आणि प्रशासनाचे विचारवंत वाचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पदवीला जो विषय मनापासून वाचला, ज्याचं मराठी किंवा इंग्रजी साहित्य हाताशी आहे आणि ज्याची उत्तरं तपासून देणारं कुणी आहे, तो घ्यावा.

सीसॅटबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. तो आता पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के, म्हणजे २०० पैकी ६६. "एवढे तर पडतीलच" म्हणून नोकरी करणारे त्याला हातच लावत नाहीत आणि सामान्य अध्ययनात पुरेसे गुण असूनही बाहेर राहतात. दोन तासांत ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश कपात. ४० प्रश्न सोडवले, ३० बरोबर, १० चूक: ७५ वजा सव्वासहा, ६८.७५. इतकी अरुंद जागा आहे. उताऱ्यांचा वेग दिवसभर ॲपचे तक्ते भरणाऱ्या माणसाचा नकळत मंदावतो. दर रविवारी पाच उतारे आणि वीस गणित-बुद्धिमत्तेचे प्रश्न, पन्नास मिनिटांत. एवढं पुरतं, पण सहा महिने अखंड लागतं.

साझ्याचं काम वेळच्या वेळी संपवणं हा अभ्यासाचाच भाग आहे, असं मी मानतो. फेरफाराची नोंद घेतली, हितसंबंधितांना नोटीस गेली, हरकतीचे पंधरा दिवस संपले, की ती मंडळ अधिकाऱ्यांपुढे प्रमाणीकरणाला गेलीच पाहिजे. महिनाभर पडून राहिली तर शेतकऱ्याचे तीन हेलपाटे, मग तक्रार, मग आपल्याकडून खुलासा, मग कारणे दाखवा नोटीस. दहा मिनिटांच्या कामाचे दोन दिवस होतात, आणि त्या माणसाचं पीककर्ज अडतं ते वेगळंच. एका पानावर नोटिशीच्या तारखा आणि मुदत संपण्याच्या तारखा लिहून भिंतीला लावाव्यात. दुसऱ्या साझ्याचा अतिरिक्त कार्यभार आला, आणि तो येतोच, तर पहिल्याच आठवड्यात दोन्ही गावांचे वार ठरवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत, कोतवाल आणि पोलीस पाटलांना सांगावेत आणि पाळावेत. लोक वाराला सरावले की बाकीच्या दिवशीचे निम्मे फोन थांबतात.

रजेचं गणित रुजू झाल्या दिवसापासून मांडायचं. नैमित्तिक रजा वर्षाला आठ. अर्जित रजा पूर्ण झालेल्या महिन्याला अडीच दिवस या दराने, वर्षाला तीस, १ जानेवारी आणि १ जुलैला पंधरा-पंधरा आगाऊ जमा होतात. अर्धवेतनी वीस. नैमित्तिक रजा अर्जित रजेला जोडता येत नाही, म्हणून पंधरा दिवस अर्जित आणि पुढे तीन नैमित्तिक अशी बेरीज मनात धरू नये. आठ नैमित्तिक रजांपैकी किमान चार परीक्षेसाठी आणि अचानक आजारासाठी राखाव्यात. अर्जित रजा पूर्वपरीक्षेआधी आठवडाभर आणि बाकीची सगळी मुख्य परीक्षेसाठी. मुख्य परीक्षा अनेक दिवस चालते आणि केंद्र दुसऱ्या शहरात असतं, म्हणजे प्रवासासह सुमारे दहा दिवस तिथेच जातात. असाधारण रजेचा मोह टाळावा. पगार तर जातोच, परिविक्षा कालावधीही (प्रोबेशन) तेवढा पुढे सरकू शकतो. खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र तर नकोच. ज्या पदासाठी आपण नीतिशास्त्राचा पेपर लिहिणार आहोत त्याची सुरुवात अशी होऊ नये, शिवाय ते उघडं पडलं तर चौकशी लागते.

रजा नाकारली जाते ती बहुतेकदा वेळेमुळे. मार्चमध्ये, पंचनाम्यांत, आचारसंहितेत मागितली तर तहसीलदारांच्या हातात फारसं काही नसतं. तारीख जाहीर होताच महिनाभर आधी लेखी अर्ज, सोबत परीक्षेच्या जाहिरातीची प्रत, मुख्यालय सोडण्याची परवानगी त्याच अर्जात, आणि पर्यायी व्यवस्था म्हणून कार्यभार घ्यायला तयार असलेल्या शेजारच्या तलाठ्याची संमती. हे शेवटचं सगळ्यात कामी येतं. त्याच्या लग्नाच्या, आजारपणाच्या वेळी आपण त्याचा साझा बघितलेला असला पाहिजे, हे सांगायला नकोच. पूर्वपरीक्षा रविवारी असली तरी निवडणूक प्रशिक्षण किंवा विशेष मोहीम त्याच दिवशी लागू शकते. प्रवेशपत्र हाती आलं त्याच दिवशी त्याची प्रत आस्थापना शाखेत द्यावी आणि पोच घ्यावी.

पोच हा मुद्दा सुरुवातीच्या अर्जालाही लागू आहे. परीक्षेचा अर्ज भरताना शासकीय सेवेत असल्याचं खरं नमूद करायचं आणि कार्यालय प्रमुखांना लेखी कळवून, त्यांची पूर्वपरवानगी मागून, आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत जपून ठेवायची. सहकाऱ्यांपासून अभ्यास लपवावासा वाटतो, "कामात लक्ष नाही" असा शिक्का बसेल ही भीती असते. ती समजण्यासारखी आहे. पण सगळ्या तालुक्याला सांगायची गरज नाही. तहसीलदार, आस्थापनेचे नायब तहसीलदार आणि मंडळ अधिकारी या तिघांना माहीत असलं की पुरे. विभागीय परीक्षा, म्हणजे महसूल खात्याची सेवेत असताना द्यायची परीक्षा, मात्र राज्यसेवेच्या नादात मागे टाकू नये. ती मुदतीत सुटली नाही तर वेतनवाढ आणि सेवाज्येष्ठता अडचणीत येते, आणि तिचा अर्धा अभ्यास महसूल कायद्यांचाच आहे.

मुलाखतीच्या यादीत नाव आलं की ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि ते जिल्हाधिकारी कार्यालयातून यायला वेळ लागतो. मुख्य परीक्षा संपल्या आठवड्यातच त्याची चौकशी करून ठेवावी. सेवापुस्तकातल्या नोंदी, जात वैधता, शैक्षणिक पडताळणी पूर्ण आहे का ते त्याच फेरीत बघून घ्यावं. निवड झाली तर साधा राजीनामा देऊ नये, तांत्रिक राजीनामा, म्हणजे दुसऱ्या शासकीय पदावर जाण्यासाठीचा, द्यावा. आधीची सेवा जोडून घेणं, शिल्लक रजा पुढे नेणं, नव्या पदावरची वेतननिश्चिती, या सगळ्याला पूर्वपरवानगीने अर्ज केल्याचा तोच जुना कागद लागतो. कार्यमुक्त होण्याआधी गावनिहाय दप्तराची यादी करून कार्यभार सोपवायचा, वसुलीची पावती पुस्तकं आणि भरणा चलनं जुळवायची, प्रलंबित फेरफारांची यादी नव्या माणसाला समजावून द्यायची, आणि डिजिटल स्वाक्षरीचं टोकन तहसीलला जमा करून त्याचीही पोच घ्यायची.